सगळ्या अर्जांवर एकच नंबर

आमच्या हिचा फोन वाजला की घरात कोणी हलायचं नाही. घास तोंडात असेल तर तो तसाच धरायचा, मशीन चालू असेल तर पाय उचलायचा, आणि ही आलेले आकडे अर्ज भरायला बसलेल्या पोराला मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत गप्प बसायचं. आमचा मुलगा लांब नोकरीला असतो. एकदा त्याने बऱ्याच दिवसांनी आईला फोन केला, तर हिने उभ्या उभ्या उरकलं. "बरा आहेस ना? जेवतोस ना वेळेवर? मग ठेव आता, माझा ओटीपी यायचाय." पोरगा नंतर मला म्हणाला, "बाबा, मीच एखादा अर्ज भरतो, म्हणजे आई बोलेल तरी माझ्याशी."

मी शिंपी. बाहेरच्या खोलीत दुकान, आतल्या खोलीत संसार, मधे एक पडदा. ही शाळेत लायब्ररी सांभाळते. सांभाळायची, असं म्हणायला हवं आता, पण जिभेला अजून सवय झालेली नाही.

शिष्यवृत्तीचं काम हिला कोणी दिलेलं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. शाळेत त्यासाठी एक समिती होती. समिती म्हणजे भिंतीवर लावलेला एक कागद आणि त्यावर चार शहाण्यांच्या सह्या. मुलं त्यांच्याकडे गेली की ते म्हणायचे, लायब्ररीत कॉम्प्युटर आहे, तिकडे जा. हिचा आणि शिष्यवृत्तीचा संबंध काय तो एवढाच. गरजू मुलांची कॉलेजची फी सरकार भरतं, हे खरं आहे, पण त्यासाठी जो अर्ज भरावा लागतो तो ज्याने कोणी तयार केलाय ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. आईचं उत्पन्न, बापाचं उत्पन्न, बाप नसेल तर नसल्याचा दाखला, फोटो एवढ्यापेक्षा मोठा नको, एवढ्यापेक्षा लहान नको, आणि सगळं भरत आणलं की पान म्हणतं, वेळ संपली, पुन्हा पहिल्यापासून. धडधाकट माणसाला रडू येईल, ही तर शाळेतली पोरं.

ही मात्र अशा कामासाठीच जन्माला आलेली. छापलेलं काहीही दिसलं की वाचल्याशिवाय हिला चैन पडत नाही. मिक्सर घेतला तेव्हा त्याच्या खोक्यातलं माहितीपत्रक हिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मग मिक्सर लावू दिला. तोवर मी उपाशी. मुलांनाही तेच. आधी हात धुऊन ये, मग खुर्चीत बस, मग सूचना वाच, समजली नाही तर पुन्हा वाच, मग बटण दाब. घाई केली तर टपली. पोरं तिला मागून ओटीपीबाई म्हणायची. तिला माहीत होतं, आणि आतून आवडायचंही, पण वरून डोळे वटारायची.

त्या नावामागे एक गोष्ट आहे, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. काही वर्षांमागे एका मुलाचा अर्ज हिने भरून घेतला होता. नंबर त्याच्या वडिलांचा. वडील मालट्रकवर, कुठेतरी लांब रस्त्यावर. शेवटच्या दिवशी त्यांच्या फोनवर आकडे आले. पोराने फोन करून विचारलं, "बाबा, आकडे सांगा." ते म्हणाले, "आकडे कोणालाही सांगायचे नसतात, बँकवाल्यांनी शंभरदा बजावलंय, आणि तू माझाच मुलगा बोलतोयस कशावरून?" पोरगा रडला, हिने फोन घेऊन हात जोडून सांगितलं, तर ते आणखीच घाबरले आणि त्यांनी फोन बंद करून टाकला. गेला अर्ज. तो मुलगा आता पेट्रोल पंपावर असतो. मला बघून हात करतो, हिला बघून मान खाली घालतो, आणि हीसुद्धा त्याला बघून मान खाली घालते.

त्या वर्षापासून हिने ठरवलं, नंबर माझा टाकायचा. कोणाच्या घरात एकच फोन आणि तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. कोणाचं सिमकार्ड दर महिन्याला बंद पडतं. कोणाच्या आईला आकडेच वाचता येत नाहीत. हिचा फोन कायम चालू, कायम जवळ. झोपताना उशाशी. मी एकदा म्हटलं, "अगं, मला कधी एवढं जवळ घेतलं नाहीस." तर म्हणाली, "तुमच्यावर कोणाचं कॉलेज अडलेलं नाही."

या वर्षीच्या मुलांत एक भिंगरी होती. खरं नाव वेगळं, पण एका जागी बसायची नाही म्हणून हिने ठेवलेलं हे नाव. बाप घर सोडून गेलेला. आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत, दिवसभर गरम पाण्यात आणि पावडरीत हात, हातांची सालपटं निघालेली. आईचा डबा पोचवायला ही पोरगी हॉस्पिटलात जायची आणि तिथे उजेडावर लावलेले एक्स-रे बघत उभी राहायची. दुकानात आली की माझ्यामागे लागायची, "काका, माणसाच्या आतलं सगळं बाहेरून दिसतं, विचार तरी करा!" मी म्हणायचो, "बाई गं, माझ्या आतलं नको बघूस, नुसते धागेच निघतील." तिला एक्स-रे काढायचं शिकायचं होतं, आणि त्या कॉलेजात तिला जागा मिळालीही. अट एकच. ठरलेल्या तारखेच्या आत शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं दाखवायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. फी भरणं तिच्या आईला या जन्मात शक्य नव्हतं. आई वाईट नव्हती, पण दमलेली होती. ती सरळ सांगायची, "झालं तर बरंच, नाहीतर माझ्या शेजारचं मशीन रिकामं झालंय, मी साहेबांशी बोलून ठेवलंय."

त्या मशीनचं नाव काढलं की आमच्या हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कॉलेजची तारीख दुसऱ्या दिवसावर आली होती, तेव्हाची सकाळ. हिने चहा घेता घेता फोनवर भिंगरीचा अर्ज उघडला, आणि कप तसाच हातात राहिला. 'स्थगित' असं आलं होतं. तिने दुसऱ्या मुलाचा उघडला. स्थगित. तिसऱ्या मुलीचा, तेच. तिने त्या वर्षीचे सगळेच्या सगळे अर्ज उघडून बघितले. प्रत्येकाखाली एकच कारण, अनधिकृत मध्यस्थ, एकाच मोबाइल नंबरवर अनेक अर्ज.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"मी दलाल आहे, असं म्हणणं आहे त्यांचं."

मला हसूच आलं. ही आणि दलाल! पोरांना स्वतःच्या डब्यातलं खायला घालणारी! हसता हसता हिचं तोंड बघितलं आणि तिच्यासमोर बसलो.

"हा नियम या वर्षी नवीन आलाय," ती म्हणाली. "मी वाचला होता."

"वाचला होतास? आणि तरी?"

"मला वाटलं, तो दलालांसाठी आहे."

जगात कोणी वाचत नाही ते वाचणारी बाई, आणि नेमकी ही एक ओळ स्वतःला लागू आहे असं तिच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या मनात पाप नाही म्हणजे यंत्रालाही ते कळत असेल, असं धरून चालली होती. मी खूप ओरडलो. तिच्यावर, सरकारवर, नंबरावर. ओरडून झालं तरी ती तशीच बसून होती, तो थंड झालेला चहा हातात धरून.

मुख्याध्यापकांकडे गेली तर ते म्हणाले, "तुम्हाला हे सांगितलं कोणी होतं?" एवढंच बोलून समोरचे कागद चाळायला लागले. मदतीच्या नंबरावर फोन लावला तर नुसतं संगीत. शेवटी दुकानाला कुलूप घालून मी, ही आणि भिंगरी असे शिष्यवृत्तीच्या मोठ्या कार्यालयात जाऊन बसलो. भिंगरीची आई कामावर. रजा घेतली तर पगार कापतात.

तिथल्या मॅडम वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. वाईट असत्या तर भांडायला तरी बरं पडलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाल्या, "बाई, मला दिसतंय तुम्ही कोण आहात ते. पण माझ्यासमोर दोनच रकाने आहेत. मुलं या प्रकारात सामील होती, किंवा मुलं फसली. तिसरा रकाना नाही."

"सामील होती असं धरलं तर?" हिने विचारलं.

"अर्ज रद्द. पुढची काही वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही."

"आणि फसली तर?"

"तर मुलाने मध्यस्थाविरुद्ध तक्रार लिहून द्यायची. स्वतःच्या अक्षरात. की मी लगेच अर्ज मोकळा करते, मंजुरी आजच्या आज." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तुमची चौकशी होईल. शाळेत आहात ना? मग नोकरीचं अवघडच आहे. आणि ज्याने तक्रार दिली त्याचा तुमच्याशी पुढे कसलाही संबंध दिसला, येणं-जाणं, फोन, काहीही, तर तक्रार खोटी धरतात आणि मुलाकडून सगळी रक्कम परत घेतात. शिक्षण पुरं होईपर्यंत हे लागू असतं."

हिने एका क्षणाचाही विचार केला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात साधी चादर घ्यायची तर हिला चार दुकानं हिंडावी लागतात. हात पुढे करून म्हणाली, "तक्रारीचा कागद द्या."

मी म्हटलं, "अगं, थांब जरा, वकिलाला विचारू, कोणाला तरी विचारू."

"उद्या तिची जागा जाईल. काय विचारायचं ते परवा विचारा."

पण भिंगरी लिहायला तयार होईना. कागद बघितला आणि उठून कॉरिडॉरमध्ये गेली. ही तिच्यामागे, मी दोघींच्या मागे. "मी नाही लिहिणार असलं घाणेरडं," पोरगी म्हणाली. "मी लॉन्ड्रीत जाते. काही मरत नाही तिथे गेलं तर. आई नाही मेली."

"आईचे हात बघितलेस?"

"रोज बघते. रोज रात्री मीच मलम लावते. तुम्ही मला सांगू नका."

हिने समजावलं, रागावली, दटावलं, शेवटी भिंतीला टेकून हात जोडले. त्या पोरीसमोर, एवढ्याशा. मला बघवेना. आत घड्याळाखाली शिपाई खिडक्या लावायला लागला होता. ही म्हणाली, "तू नाही लिहिलंस तरी मी दलालच राहणार आहे, भिंगरे. ते पुसलं जायचं नाही. फक्त मी फुकटची दलाल ठरेन. तेवढं नको करूस माझं." तेव्हा कुठे पोरगी आत आली.

टेबलाशी बसून तिने नाव लिहिलं, शाळा लिहिली. मग मोठी जागा होती. मध्यस्थाने काय केले ते सविस्तर लिहा. पोरीने लिहायला घेतलं आणि खूप वेळ लिहीत राहिली. हिने वाकून वाचलं. बाईंनी मला अर्ज कसा वाचायचा ते शिकवलं, मला भूक लागली की डब्यातलं दिलं, मला कॉलेज मिळालं तेव्हा त्या माझ्यापेक्षा जास्त नाचल्या. हिने तो कागद ओढून घेतला, त्याचे तुकडे केले आणि मॅडमकडून दुसरा मागून आणला.

"आता मी सांगते तसं लिही. 'माझ्या अज्ञानाचा फायदा घेऊन.' लिहिलंस? पुढे. 'माझ्या व माझ्या आईच्या नकळत स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.' नीट लिही, रेघ सोडू नकोस. 'माझा विश्वासघात केला.'"

"बाई, प्लीज."

"विश्वासघात. लिही."

जन्मभर जशी मुलांकडून अर्ज भरून घ्यायची, तशीच बसली होती, पोरीच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून, एकेक शब्द सावकाश सांगत. आवाज जरासुद्धा कापला नाही. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं तर हिने बाहीने टिपलं आणि म्हणाली, "शाई फिसकटेल." मी काउंटरच्या अर्ध्या काचेपलीकडे उभा होतो. त्या काचेवर डोकं आपटून घ्यावं असं वाटत होतं, आणि मी नुसता उभा होतो.

मॅडमनी शिक्का मारला. भिंगरीचा अर्ज मंजूर झाला.

घरी आल्यावर ही फोन घेऊन बसली आणि एकेका मुलाला लावत गेली. उद्या पहिल्या गाडीने जा, तक्रार लिहून द्या, मी सांगते तोच मजकूर. एक मुलगा बहुधा रडायला लागला असावा, कारण ही खेकसली, "एकाने जरी भावुक होऊन खरं लिहिलं, तर गाठ माझ्याशी आहे!" मग शेवटी प्रत्येकाला एकच सांगायची. यापुढे मला फोन करायचा नाही, रस्त्यात दिसले तर ओळख दाखवायची नाही. नीट शिक. ठेव.

सगळ्यांचे अर्ज सुटले. एकही अडकला नाही.

शाळेने हिला घरी बसवलं. चौकशीला बोलावलं तेव्हा हिने सगळं कबूल केलं. न केलेलंही केलं असं सांगितलं, कारण हिने नाही म्हटलं असतं तर मुलं खोटी पडली असती. मी म्हटलं, बाई गं, थोडं तरी अंगावर कमी घे. ऐकते कसली! आणि लोकांचं काय सांगू? मुलांनी घरी खरं सांगितलं असेल, पण सगळ्यांनी नाही, आणि सगळ्या घरांनी ऐकलं नाही. भाजी घेताना एका मुलाची आई दुसरीला म्हणाली, अगदी हिच्या कानांवर जाईल अशी, "मला वाटलंच होतं. एवढं फुकट कोण करतं?" ही तशीच पुढे गेली. घरी येऊन पिशवीतली भाजी धुतली, निवडली, चिरली. मी त्या बाईच्या घरी जायला निघालो होतो. चपला घातल्या होत्या. हिने दारात आडवं उभं राहून मला अडवलं. म्हणाली, "तिच्या पोराचं पहिलंच वर्ष आहे. बसा घरात."

आता ही दिवसभर आतल्या खोलीत असते. मला बटणं लावून देते. वाकडी लावते, मी गुपचूप उसवून पुन्हा लावतो. जेवायला बोलावलं की येते, विचारलं की बोलते. आमचा मुलगा फोन करतो तेव्हा त्याच्याशी बराच वेळ बोलते, आणि तोच मला नंतर विचारतो, "बाबा, आईला काय झालंय?"

परवा दुपारी बाकावर एक गिऱ्हाईक बसलं होतं. पलीकडच्या गल्लीतली बाई, खिडकीच्या पडद्यांचं कापड घेऊन आलेली, आणि बातम्या गोळा करण्यात पटाईत. तेवढ्यात भिंगरी दारात उभी. हातात नवा पांढरा कोट. मी पाय उचलला, मशीन थांबलं. पोरीने बाकावरच्या बाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात मला कधी भेटली नसावी तशी म्हणाली, "शिंपीकाका ना तुम्ही? हा कोट लांब होतोय. खालून आखूड करून हवाय, आत्ता."

"घालून उभी राहा," मी म्हटलं.

मी टाचण्या घेऊन खाली बसलो. ती पडद्याकडे तोंड करून उभी राहिली आणि एकदम मोठ्या आवाजात बोलायला लागली. "उद्या सकाळच्या गाडीने निघतेय काका. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये खोली मिळाली. खिडकीजवळची. आईने लॉन्ड्रीत सांगून टाकलं, त्या मशीनवर दुसरी कोणी बघा म्हणून. आई काल हसत होती. आमची सगळी बॅच लागली काका, कोणी मागे राहिलं नाही."

"अगं, काका काही बहिरे नाहीत," बाकावरची बाई म्हणाली.

मी खाली वाकलो होतो, त्यामुळे मला दिसलं. पडद्याखाली हिची पावलं होती. अगदी पडद्याला चिकटून. पोरीलाही दिसली असावीत, कारण ती पडद्याकडे एक पाऊल सरकली आणि टाचणी माझ्या हातातच राहिली.

तिने कोट काढून दिला, मी मशीनवर बसलो. दुमड घालायला कितीसा वेळ लागतो? मी घातली, मग वाकडी झाली म्हणून उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. बाकावरची बाई म्हणाली, "एवढ्याशा कामाला आज काय लावलंय तुम्ही?" मी तिच्यावर असा खेकसलो की ती गप्पच झाली. पोरगी बोलत होती. पहिल्या वर्षाला काय शिकवणार, जेवण कसं असतं, खोलीत सोबत कोण आहे. मग तिचं बोलणं संपलं. तिने विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

पडदा हलला नाही. तिने कोट घडी करून पिशवीत ठेवला, पैसे काढले. मी ते घेतले, घ्यावेच लागले. ती गेली, मागे वळून न बघता, आमच्या हिने शिकवलं होतं तशी.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंतही आत हिला दम निघाला नाही. तोंडात टॉवेल कोंबला असणार, पण तरी तो आवाज आला. एवढ्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. बाकावरच्या बाईने मान वर केली, कान टवकारले. मी पाय टाकला आणि मशीन सोडलं, जोरात, होईल तेवढ्या जोरात, आणि चालवत राहिलो.

"अहो, कापड कुठाय?" ती बाई ओरडून विचारत होती. "रिकामंच काय चालवताय?"

"तेल घातलंय," मी म्हटलं. "फिरवून बघतोय."